जुन्या फाइलीत निघालं : हृदयाची झडप ‘बायकस्पिड’. मला कोणी सांगितलंच नव्हतं!

गच्चीवरचा (ठाणे)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण वाचा.

मेडिक्लेम दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचाय म्हणून घरातले सगळे जुने कागद स्कॅन करायला घेतले. २०१७ मध्ये माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याची फाइल निघाली. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रक्ताचे रिपोर्ट आणि त्यांच्यात स्टेपल केलेला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. भूल देण्याआधी ‘फिटनेस’साठी काढला होता. तेव्हा “इको ओके आहे” एवढंच कानावर आलं आणि विषय संपला.

आता नीट वाचला. वर ठळक अक्षरांत ‘एलव्हीईएफ ६० टक्के’, म्हणजे हृदयाचा पंप ठीक. खाली बारीक टायपात : ‘बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह. माइल्ड एआर. असेंडिंग एऑर्टा ३९ मिमी. पीरियॉडिक फॉलो-अप.’ डिस्चार्ज कार्डावर यातलं एक अक्षर नाही.

वय ४७. बीपी कधीकधी जरा वर असतं, गोळी नाही. रविवारी येऊरला चालायला जातो, कधी धाप लागली नाही. पण हे वाचल्यापासून जिना चढताना सगळं लक्ष छातीकडे. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की ठोके ऐकू येतात, उजवीकडे वळलो तरी येतात. नेटवर शोधायला गेलो तर तिसऱ्याच पानावर महाधमनी (एऑर्टा, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) फाटायला लागली.

हे कितपत गंभीर असतं? इतकी वर्षं काहीच केलं नाही, त्याने काही बिघडलं असेल का? आणि ज्यांना असं कागदावरून कळलं, त्यांनी मनाची समजूत कशी घातली? त्या हॉस्पिटलचा राग इतका आलाय की आजार मोठा की राग मोठा, हेच कळेनासं झालंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

(हॉस्पिटलचं नाव विचारू नका, देणार नाही.)

बोरकूट

आधी एक बघा, रिपोर्टवरचं नाव-वय तुमचंच आहे ना? आमच्या वडिलांच्या फाइलीत शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा ईसीजी लागला होता. घरात दोन दिवस सुतक.

गच्चीवरचा

नाव, वय, आयपीडी नंबर, सगळं माझंच. तीही आशा करून झाली.

कृष्णाकाठ

वहिनींना आजच सांगा. बाकीचं कार्डिऑलॉजिस्ट बघून घेतील. असल्या गोष्टी बायकोपासून लपत नाहीत, फक्त उशिरा कळल्या म्हणून जास्त महाग पडतात.

नाडी (फिजिशियन)

मी तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं त्या दारावर एऑर्टिक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोन जणांना जन्मतःच दोन असतात, किंवा तीनपैकी दोन एकमेकींना चिकटलेल्या असतात. हृदयाच्या जन्मजात दोषांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. म्हणजे ही झडप २०१७ मध्ये झालेली नाही. शाळेत खो-खो खेळलात तोही हिच्यावरच.

अनेकांची चाळिशी-पन्नाशी काही न होता जाते. मात्र दोन पाकळ्यांवर झीज जास्त, त्यामुळे पुढे कॅल्शियम साठून झडप अरुंद होऊ शकते किंवा नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. ‘माइल्ड एआर’ म्हणजे अशी थोडी गळती. दुसरी बाब महाधमनीची. अशा लोकांत तिची भिंत कमकुवत असू शकते आणि ती हळूहळू फुगते. ३९ मिमी हे मोठ्या माणसाच्या नॉर्मलच्या वरच्या काठावर आहे, उंचीप्रमाणे अर्थ बदलतो. ऑपरेशनचा विचार साधारण ५५ मिमीला होतो, इतर जोखमी असतील तर ५० च्या आसपास. तुम्ही नेटवर जे वाचलंत ते बहुतेक त्या टोकाचं होतं.

“इतकी वर्षं काही केलं नाही” असं म्हणताय, पण करायचं होतं ते एवढंच : दर काही वर्षांनी इको आणि बीपी ताब्यात. हा इको आता करा. जुना रिपोर्ट बरोबर न्या, सीडी असेल तर तीही. आजच्या आकड्यापेक्षा जुन्या-नव्यातला फरक डॉक्टरांना जास्त सांगतो. तोवर चालणं चालू ठेवा, फक्त श्वास कोंडून जड वजन उचलू नका. आणि छातीतून पाठीत जाणारी, फाटल्यासारखी एकदम कळ आली, किंवा श्रमाने छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर येऊन पडलात, तर धाग्यावर लिहीत बसायचं नाही. १०८.

रेकॉर्डरूम

मी एका हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे जुन्या फाइली सांभाळतात त्या खात्यात, बरीच वर्षं आहे. असं कसं होतं ते सांगते. समर्थन नाही.

ऑपरेशनआधीचा इको मागवतात भूलतज्ज्ञ. त्यांचा प्रश्न एकच, या माणसाला भूल सोसेल का? इएफ चांगला, गळती थोडी, म्हणून ‘फिट’. सर्जनचं लक्ष खड्यावर. डिस्चार्ज कार्ड लिहितो ज्युनिअर, तेही बहुधा दुपारी, खाली बिलिंगच्या रांगेत नातेवाईक ताटकळत असताना. तो ‘प्री-ऑप वर्कअप : डब्ल्यूएनएल’ असं लिहून मोकळा होतो. डब्ल्यूएनएल म्हणजे सगळं नॉर्मल. ज्याने इको केला त्याने तर तुम्हाला दहा मिनिटांवर पाहिलेलंही नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

कोणाच्या घरी जुने कागद नसतील तर : मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावे लागतात आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. साध्या कागदावर अर्ज करा, त्यावर आवक शिक्का मारून पोच घ्या. तोंडी मागितलं तर “उद्या या” हेच ऐकाल, आमच्याकडेसुद्धा.

हडसनपार (न्यू जर्सी)

इकडे उलटा ताप. २०२१ पासून कायद्यामुळे रिपोर्ट तयार झाला की लगेच पेशंटच्या अ‍ॅपवर पडतो, डॉक्टरांनी पाहिला असो वा नसो. नवऱ्याच्या सीटी स्कॅनमध्ये ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम) हा शब्द आम्ही शुक्रवारी रात्री वाचला आणि डॉक्टरांचा फोन सोमवारी दुपारी. शनिवार-रविवार आम्ही दोघं घरातल्या घरात कुजबुजत बोलत होतो, मुलं तर कॉलेजात! तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हाला कोणी समजावलं नाही. सोमवारी डॉक्टरांनी चार मिनिटांत सांगितलं त्याने जीव भांड्यात पडला, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू झालं, गाडी पुढे.

सोमवारपर्यंत आम्ही एक केलं : प्रश्न कागदावर लिहून काढले आणि नेट बंद. लिहिल्यावर ते पाचच निघाले. डोक्यात पन्नास होते.

खारी_बिस्कीट

माझ्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत ईसीजीवर मशीनने छापलं होतं ‘इन्फिरियर इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड’. म्हणजे पूर्वी कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला! वय ३४. इको केला, काही नव्हतं. मशीनचा अंदाज होता तो, वर डॉक्टरची सहीसुद्धा नव्हती. तेव्हा तुमचाही एकदा पुन्हा बघून घ्याच.

नाडी

खारी, तुमचा मुद्दा बरोबर. पण ईसीजीचं छापील निदान मशीन करतं, इकोवरचं माणूस करतो. गच्चीवरच्यांनी “चुकीचंच निघेल” या आशेवर बसू नये. बायकस्पिड दिसली असं कोणी लिहितं तेव्हा बहुधा त्याने ती पाहिलेली असते. शंका राहिली तर घशातून इको किंवा एमआरआय आहेच.

अर्जुनसाल

अर्जुनाच्या सालीचा काढा, दुधात उकळून, रोज सकाळी. आमच्या आजोबांनी ९१ वर्षं काढली. झडप, ब्लॉकेज, सगळ्यावर चालतो. अ‍ॅलोपथीवाले हे सांगणार नाहीत.

बोरकूट

साल साहेब, काढ्याने दोनाच्या तीन पाकळ्या झाल्या तर मी पण पितो, एखादी स्पेअर असू दे.

आणि गच्चीवरचे, तुमच्या जोडीला कोण आहे माहितीये का? अर्नोल्ड श्वार्झनेगर! त्याचीही झडप जन्मतः बायकस्पिड. १९९७ मध्ये त्याने ऑपरेशन करून घेतलं, नंतर २०१८ आणि २०२० मध्येही झडपा बदलाव्या लागल्या. म्हणजे तोवर तो जे करत होता ते सगळं या झडपेवर.

नाडी

बोरकूट, हुरूप येण्यापुरतं ठीक. त्याच्यासारखी वजनं उचलायचा सल्ला मी देणार नाही!

माईंची_लेक

माझ्या आईची गोष्ट वेगळी, तिची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खराब झाली होती. पण भीती तीच, म्हणून लिहिते. तिलाही कळलं ते असंच आडून, गरोदरपणात, माझ्या वेळी. पुढे झडप बदलली, आपल्या देशात बनलेली चित्रा व्हॉल्व्ह, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली. तेव्हापासून रोज अ‍ॅसिट्रॉमची गोळी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, आणि ठरावीक दिवसांनी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. पालेभाजीने गोळीचा असर बदलतो. मेथी-पालक बंद नाही, पण एक दिवस चार वाट्या आणि मग महिनाभर नाही असं चालत नाही. भाजीवाली ओळखीची झालीये, ती स्वतःच म्हणते, “माई, आज अर्धीच जुडी ना?”

धातूची झडप वाजते. रात्री घर शांत झालं की आईच्या खोलीतून टक-टक ऐकू येते. सुरुवातीला तिला त्या आवाजाने झोप येईना. डॉक्टरांनी सांगितलं पंखा लावा, थंडीतसुद्धा. लावला, झोप लागली. तुम्हीही लावून बघा. कान छातीवर ठेवून झोपलं तर धडधाकट माणसाचंही हृदय चुकल्यासारखं वाटतं.

राग मात्र मी आवरला नव्हता. बाबांनी त्या जुन्या डॉक्टरांना एक पत्र लिहिलं, शिव्या न देता, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं ते. उत्तर आलं नाही. पण लिहिल्यावर घरात तो विषय रोज निघायचा थांबला.

गच्चीवरचा

सगळ्यांचे आभार. काल बायकोला सांगितलं. ती रिपोर्ट वाचून म्हणाली, “इतकी वर्षं मी तुझ्या घोरण्याने जागी आहे, ठोक्यांचा मला कधी त्रास नाही झाला. अपॉइंटमेंट घेतलीस का?” घेतली.

मधल्या काळात पोर्टिंगचा फॉर्म समोर आहे. ‘हृदयासंबंधी कोणताही विकार : हो / नाही.’ काय लिहू?

पॉलिसीदादा

‘नाही’ लिहा. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, उपचार नाहीत, गोळी नाही. स्वतःहून कशाला आ बैल मुझे मार?

हिशेबनीस

पॉलिसीदादांच्या सल्ल्याला माझा कडक विरोध. आता माहीत आहे ना? मग लिहायचं. मी क्लेम बघणाऱ्यांत काम केलंय. मोठा क्लेम आला की पहिली मागणी जुन्या कागदांची. तो इको कुठल्यातरी सिस्टीममध्ये आहेच. एकदा ‘माहिती लपवली’ असा शिक्का बसला की झडपेचं सोडा, डेंग्यूच्या क्लेमलाही झगडावं लागतं.

आणि लिहिल्याने आभाळ कोसळत नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या इर्डाच्या (विमा नियामकाच्या) नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठीचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी ४८ होता. पोर्ट करताना जुन्या पॉलिसीत काढलेला काळ त्यातून वजा होतो. सलग ६० महिने झाले की कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘सांगितलं नव्हतं’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फार तर प्रीमियम वाढवतील किंवा पोर्ट नाकारतील. तेव्हा पोर्ट मंजूर होईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका, रिन्यू करत राहा. अजून एक, पॉलिसीत ‘जन्मजात’ या शब्दाचे दोन भाग असतात, बाहेर दिसणारा आणि आतला. वगळतात तो बहुधा बाहेरचा. एजंटला सुद्धा हे माहीत नसतं, तेव्हा वर्डिंग स्वतः वाचा.

पॉलिसीदादा

ठीक आहे साहेब, मी व्यवहारातलं सांगितलं.

हिशेबनीस

व्यवहारातलंच सांगतोय मीही. माझ्या टेबलावर आलेला व्यवहार.

मीना_इचलकरंजी

मध्येच घुसते. हा धागा वाचून मी पण माझा इको काढला. ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’. वय ६१, बीपीची गोळी चालू. घाबरायचं का?

नाडी

मीनाताई, डावा कप्पा सैल पडायला थोडा वेळ घेतो एवढाच त्याचा अर्थ. साठीनंतर हे खूप जणांच्या रिपोर्टात असतं, बीपी असेल तर अजूनच. धाप, पायाला सूज नसेल तर बीपी ताब्यात ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे सगळ्यांसाठी.

गच्चीवरचा

अपडेट. इको झाला.

डॉक्टर स्वतःच करत होते. डाव्या कुशीवर झोपवलं, गार जेल, प्रोब बरगड्यांमध्ये दाबून. मी विचारलं, मला दाखवाल का? त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. करड्या अंधारात एक फट उघडत होती आणि मिटत होती, माशाच्या तोंडासारखी. नॉर्मल झडप उघडताना त्रिकोण दिसतो म्हणे, माझी नुसती फट. पण न चुकता उघडत होती. रंग चालू केला तेव्हा मिटलेल्या फटीतून एक बारीक निळी रेघ मागे आली. “ही तुमची गळती,” ते म्हणाले. एवढीशी! मी तिला पूर समजून बसलो होतो.

झडप बायकस्पिडच. गळती माइल्ड, तेवढीच. महाधमनी ३९ मिमी, मिलिमीटरनेसुद्धा हललेली नाही. त्यांनी जुनी सीडी लावून शेजारी शेजारी मोजलं. वरचा भाग नीट दिसावा म्हणून एकदा सीटी किंवा एमआरआय करून ठेवू, मग दोन-तीन वर्षांनी इको, असं ठरलं. चारही हातापायांचं बीपी घेतलं, महाधमनी पुढे कुठे चिंचोळी नाही ना ते बघायला. नाही. पण बीपी १४८/९२ निघालं, तेव्हा गोळी सुरू. दातांची काळजी घ्यायला सांगितली, झडपेला जंतुसंसर्ग तोंडातून होऊ शकतो म्हणून. पण दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागत नाही म्हणाले, तो नियम २००७ मध्येच बदलला.

आणि एक नवीनच कळलं. खड्यामुळे मला अधूनमधून लघवीचा संसर्ग होतो आणि दर वेळी सिप्रोफ्लॉक्सासिन मिळते. महाधमनी फुगलेल्यांना त्या गटातली औषधं दुसरा पर्याय असताना देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दिलाय. माझी तितकी फुगलेली नाही, तरी यापुढे यूरॉलॉजिस्टना आधी सांगायचं. फाइलीतली ती एक ओळ मला कोणी वाचून दाखवली असती तर निदान हे तरी विचारलं असतं. राग अजून आहे, पण आता तो कुठे आहे ते नेमकं कळतंय. माईंची लेक, पत्र लिहायला घेतलंय.

रेकॉर्डरूम

पत्र मेडिकल सुपरिटेंडेंटच्या नावाने लिहा, ‘पेशंट ग्रिव्हन्स’ नको. ग्रिव्हन्सची फाइल आमच्याकडे येते, सुपरिटेंडेंटची त्यांच्या टेबलावर राहते. रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड दोन्हींच्या झेरॉक्स जोडा, त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून.

नाडी

उत्तम झालं. एक राहिलं : सख्खी भावंडं आणि मुलं. हे घराण्यात येऊ शकतं. जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एखाद्याला सापडतं. सगळ्यांचा एकेक इको करून घ्या, एकदाच.

गच्चीवरचा

मुलीचा झाला, तीन पाकळ्या, नॉर्मल. थोरला भाऊ चिपळूणला असतो, सिमेंटचं दुकान, पोती स्वतः उचलतो. फोनवर म्हणाला, “तुला शहरात राहून काय काय सापडतं रे. मला काही होत नाही.”

कृष्णाकाठ

वहिनींना फोन करा.

गच्चीवरचा

केला. दादा इकोला गेला. झडप त्याची एकदम व्यवस्थित, तीन पाकळ्या, गळती शून्य. बीपी १७६/१०४. दोन गोळ्या, मीठ कमी, पोती बंद, दुकानात पोरगा ठेवला. आता सगळ्या गावाला सांगतोय की याची झडप बिघडली आणि लोणचं माझं बंद झालं.